ऊठ म्हणेपर्यंत

पहिली टोपली

बोईसरच्या कारखान्यांची शेवटची भिंत आणि कंपनीची कॉलनी यांच्यामध्ये जी लांबट जागा उरली होती, तिला उद्यान म्हणत. फाटकावर तशी पाटीच होती. आत एक गंजलेली घसरगुंडी, कमरेइतकं गवत, सुरूच्या झाडांच्या रांगा आणि पलीकडे नाला. नाल्याच्या पाण्याचा रंग रोज निराळा असे. तिथे फिरायला जाणारं माणूस म्हणजे डॉक्टरने दम दिलेलं, असं कॉलनीत सगळे समजून होते.

मग केदारसर परदेशातून परत आले. कंपनीने त्यांना फिनलंडला पाठवलं होतं, तिथून ते एक खेळ घेऊन आले. उद्यानात नऊ ठिकाणी लोखंडी खांब उभे राहिले. खांबाच्या वरच्या टोकाला साखळ्यांचं झुंबर, त्याखाली जाळीची टोपली. सिमेंटच्या चौथऱ्यावर उभं राहायचं, हातातली प्लास्टिकची थाळी, म्हणजे डिस्क, लांब फेकायची, जिथे पडेल तिथून पुन्हा फेकायची, आणि शेवटी ती साखळ्यांवर आपटून टोपलीत पाडायची. मग पुढची टोपली.

"गोल्फच आहे," केदारसर म्हणाले. "फक्त काठी नाही, चेंडू नाही आणि पँटला इस्त्री नाही."

रविवारी संध्याकाळी चारपाच जण जमू लागले. त्यात कंपनीच्या लॅबमधली समिधा राऊत होती. नवरा धीरज शिफ्टमध्ये अडकलेला असायचा, म्हणून ती मुलीला घेऊन यायची. किंजल सात वर्षांची, पुढचे दोन दात पडलेली. आणि मेंटेनन्समधला प्रदीप होता, एडवणच्या कोळीवाड्यातला. जाळं फेकून तयार झालेला त्याचा हात. त्याची डिस्क सगळ्यांपेक्षा लांब जायची आणि सगळ्यांपेक्षा वाकडी.

एकच नियम केदारसरांनी कडक ठेवला होता. डिस्क भरकटली, तर फेकणाऱ्याने ओरडायचं, "फोर!" पुढे कोणी असेल त्याने जागच्या जागी खाली बसायचं, दोन्ही हात डोक्यावर. आणि फेकणारा "ऊठ" म्हणेपर्यंत उठायचं नाही.

"पोर!" प्रदीप ओरडला.

"फोर रे. फ. फळा म्हण."

"पळा."

सगळे पळाल्याचं सोंग करत हसत सुटले. "पळतात कसले," प्रदीप म्हणाला, "खाली बसा, आमच्या डिस्कला डोळे नाय."

त्या दिवसापासून तो शब्द पोर असाच झाला. आधी गमतीने, मग सवयीने. केदारसरसुद्धा पोर ओरडायला लागले.

दुसरी टोपली

नियम सगळ्यांसाठी होता, पण पाळायची तो एकटी किंजल.

"पोर" ऐकलं की ती जिथे असेल तिथे बसायची. चिखलात, काट्यांत, एकदा तर मुंग्यांच्या वारुळाशेजारी. हात डोक्यावर, कोपरं कानांना लावलेली, डोळे मिटलेले. मग कोणीतरी "ऊठ" म्हणायचं, आणि ती उठायची. एकदा सगळे बोलत बोलत पुढच्या टोपलीपाशी पोहोचले, तरी ती मागे बसलेलीच. समिधा परत आली तेव्हा किंजलच्या पोटऱ्यांवर मुंग्या चढल्या होत्या.

"अगं, उठायचं ना!"

"तू म्हणाली नाहीस."

घरीसुद्धा हाच खेळ. प्रदीप दारात आला, की नमस्कार चमत्काराच्या आधी ओरडायचा, "पोर!" आणि किंजल ताट, वही, काय हातात असेल ते टाकून फरशीवर बसकण मारायची. मग खिदळायची.

"प्रदीपकाका, ऊठ म्हण! ऊठ म्हण ना!"

"नाय म्हनत. रात्रभर बस."

तिसरी टोपली

डिस्क परत यायला कधी सुरुवात झाली, ते नक्की कोणाला सांगता येणार नाही. कारण आधी त्यात विचित्र काही वाटलंच नाही.

तिसऱ्या टोपलीच्या डाव्या हाताला सुरूची दाट रांग होती. तिथे गेलेली डिस्क म्हणजे गेलीच. केदारसरांची निळी तिथे गेली. "पोर!" ते ओरडले आणि हळहळत शोधायला निघाले. तेवढ्यात झाडांतून डिस्क उडत आली आणि त्यांच्यापासून थोड्या अंतरावर पडली. फेक चांगली नव्हती. लहान मुलं दोन्ही हातांनी फेकतात तशी.

"थँक यू, किंजल!" केदारसर ओरडले.

किंजल समिधाच्या मागे उभी राहून बाटलीतलं सरबत पीत होती.

झाडांपलीकडे नाल्याच्या काठाने कामगारांच्या झोपड्या आहेत. त्यांच्यातलं कोणी असेल, असं ठरलं. पुढच्या रविवारी पुन्हा आली. मग त्याच्या पुढच्या. गोम प्रदीपच्या ध्यानात आली, पण त्याने ती चेष्टेवारी नेली. "बगा, नुसती डिस्क गेली तं परत येत नाय. पोर म्हनलं की येते. फुकटची मोलकरीण मिळाली."

कोणीही झाडांच्या मागे जाऊन बघितलं नाही. का जायचं? डिस्क तर मिळत होती.

चौथी टोपली

उद्यान झाडायला लाडकी यायची, डोंगराकडच्या पाड्यावरून. झाडू टेकून ती हा खेळ बघायची आणि पदराआड हसायची.

"थाली फेकायची, साखलीत घालायची, परत काढायची," ती समिधाला म्हणाली. "मंग घातली कशाला बाय?"

"व्यायाम होतो गं."

"व्यायाम करायचा तं झाडू घ्या ना. आमी नाय म्हनतो काय!" आणि मग, "ह्ये समदे पोर पोर करून वरडतात. कोनाची पोर?"

"कोणाची नाही. इंग्रजी शब्द आहे."

लाडकीने मान डोलवली, इंग्रजीत सगळं चालतं अशा अर्थाने, आणि पानं ओढायला लागली.

घरी जाताना किंजल सारखी मागे वळून बघत होती. फाटकाशी आल्यावर म्हणाली, "आई, तुम्ही असं का करता?"

"कसं?"

"हाक मारता आणि मग बघतच नाही."

संध्याकाळचा वास सुटला होता, कुठल्यातरी कारखान्याने सोडलेल्या धुराचा. समिधाने ओढणी नाकाला लावली, दुसरं टोक किंजलच्या नाकाला लावलं, आणि दोघी घाईने घरी आल्या.

पाचवी टोपली, हवालदारांना सांगितलेली

"शेवटची कुठे दिसली, मॅडम?"

"पाचव्या टोपलीच्या अलीकडे. मी चौथऱ्यावर होते. ती पुढे गवतात होती, डिस्क कुठे पडते ते बघायला. नेहमीच असते."

"मग?"

"डिस्क भरकटली. मी ओरडले."

"काय ओरडलात?"

"फोर."

हवालदार लिहीत होते. समिधाने उलटं वाचलं.

"तुम्ही पोर लिहिलंय. फोर. म्हणजे सावध राहा."

"तुमच्या त्या प्रदीपनं पोर सांगितलं. साहेबांनी पण पोरच सांगितलं. तुम्ही स्वतः काय ओरडलात?"

तिने त्या लिहिलेल्या शब्दाकडे पाहिलं. मग म्हणाली, "पोर."

"म्हणजे मुलीला हाक मारलीत."

"हाक नव्हती ती."

"नाव घेतलं नाही. नुसतं पोर म्हणून मोठ्यानं ओरडलात." हवालदारांनी पान उलटलं. बिचारे थकले होते, त्यांना काही सुचवायचं नव्हतं. "बरं, मग आलं का कोणी?"

पाचवी टोपली, धीरजला सांगितलेली

तो कामावरून तसाच आला होता. पायात सेफ्टी शूज, कपाळावर हेल्मेटचा वळ.

"तू बघत नव्हतीस?"

"बघत होते. ती बसली. मी पाहिलं, धीरज. हात डोक्यावर ठेवून बसली. पिवळा फ्रॉक दिसत होता गवतातून."

"मग?"

"मग डिस्क परत आली. मी उचलायला वाकले."

"किती वेळ?"

"वाकून सरळ होईपर्यंत."

धीरज खाली बसून बुटांच्या नाड्या सोडायला लागला. त्याने ओरडायला हवं होतं.

पाचवी टोपली, कोणालाच न सांगितलेली

डिस्क त्या दिवशी उडत आली नाही. कडेवर उभी राहून घरंगळत आली, मुलं सायकलचा टायर पळवतात तशी, पण सावकाश. गवतातून वाट काढत सरळ समिधाच्या पायापर्यंत आली आणि तिथे आडवी झाली.

ती ओलसर होती. आणि कोमट.

आणि समिधाला बरं वाटलं होतं. फेक वाया गेली नाही म्हणून. त्या क्षणाला तिला फक्त तेवढंच वाटलं होतं.

तिने मान वर केली. जिथे किंजल बसली होती तिथलं गवत उभं होतं. कोणी बसून उठलं की गवत दबलेलं राहतं, हळूहळू वर येतं. हे गवत सरळ उभं होतं, तिथे कधी कोणी बसलंच नव्हतं असं.

सहावी टोपली

आधी सगळे हसतच शोधत होते, ए किंजू, पुरे आता, मग कोणी हसेना, मग केदारसर नाल्यात उतरले आणि त्यांचे पाय गुडघ्यापर्यंत हिरवे होऊन वर आले, मग कॉलनी आली, झोपड्यांतले कामगार आले, भाभीजी मिल जाएगी, भाभीजी आप बैठो, पण बसायचं कुठे, बसली तर शोधायचं कोणी, कुत्रा आणला तो पाचव्या टोपलीपुढे गेला आणि खाली बसला, पुढचे पाय नाकावर घेतले आणि ओढलं तरी उठेना, नाला उपसला, त्यात चपला निघाल्या, बाहुली निघाली, कोणाचा तरी देव निघाला, तिचं काही निघालं नाही, फोटो डहाणूपर्यंत गेला, वैतरणेपर्यंत गेला, रिक्षांच्या काचांवर लागला, फोटोत ती दात पडण्याआधीची होती, दुसरा फोटो शोधायला समिधाला जमेना, मोबाइल हातात घेतला की बोटं चालेनात, केळव्याहून सासूबाई आल्या, माई, शितलादेवीला साकडं घालून आल्या आणि आल्या आल्या विचारलं, जेवली का गो ती, आणि मग स्वतःच तोंडावर हात ठेवून खाली बसल्या, केळव्याच्या किनाऱ्यावर पिवळा फ्रॉक दिसला असा फोन आला, धीरज स्कूटरवरून गेला, तो कोणा पर्यटकांच्या मुलीचा होता, ती मुलगी घाबरून रडली, तिच्या बापाने धीरजची कॉलर धरली, धीरजने ती धरू दिली, आणि समिधा किंजल म्हणाली, किंजल, किंजू, किंजुड्या, ये ना गं, आई रागावणार नाही, कुठे आहेस, ये, आणि गवतातून काही आलं नाही, झाडांतून काही आलं नाही

मग एडवणहून प्रदीपने घरचे लोक आणले. विळे घेऊन ते सगळे एका रांगेत उभे राहिले आणि त्यांनी उद्यानातलं सगळं गवत कापून काढलं. धसकटं तेवढी राहिली, घोट्याएवढी. आजवर हरवलेल्या डिस्का सापडल्या. जमीन या टोकापासून त्या टोकापर्यंत उघडी पडली. तिच्यावर एक चिमणीसुद्धा लपू शकली नसती.

"वयनी," प्रदीप म्हणाला, विळा हातातच होता, "आमी दर्यात गेलेलं मानूस शोधतो ना, तं त्याला एक किनारा असतो. इथं किनारा कुठं हाय तेच कलत नाय."

सातवी टोपली

लोक दमले. लोकांना दमावंच लागतं. समिधा दमली नाही.

ती भर दुपारी यायची, उद्यानात कोणी नसताना. पाचव्या चौथऱ्यावर उभी राहायची आणि सुरूच्या झाडांत डिस्क फेकायची. आधी नाव घेऊन. "किंजल!" डिस्क जायची ती जायचीच. मग आत जाऊन स्वतः शोधून आणायची, पुन्हा फेकायची. "पोर!" डिस्क परत यायची.

लॅबमधली बाई होती ती. एक गोष्ट बदलायची, बाकीच्या तशाच ठेवायच्या, आणि काय होतं ते बघायचं, हे तिचं रोजचं काम. तिने डिस्क बदलली. जागा बदलली. आवाज बदलला. हळू म्हणून बघितलं, ओरडून बघितलं. डिस्क महत्त्वाची नव्हती. जागा महत्त्वाची नव्हती. शब्द तेवढा महत्त्वाचा होता.

एका दुपारी तिने डिस्क खाली ठेवली. काहीच फेकलं नाही.

"पोर," ती म्हणाली.

सुरूच्या झाडांत वारा होता, तो थांबला.

"पोर, ये."

पलीकडच्या कारखान्याचा भोंगा वाजायला लागला आणि मध्येच तुटला.

"ये ना गं. मी बघतेय. या वेळी मी बघतेय."

पाचव्या टोपलीच्या साखळ्या हलत होत्या. त्यांचा आवाज येत नव्हता, कारण एका लहान हाताने त्या धरल्या होत्या.

पिवळा फ्रॉक.

समिधा धावली. धसकटांनी पाय सोलले, तिला कळलं नाही. तिने मुलीला छातीशी धरलं, केस हुंगले, गाल, मान, बोटं, सगळं होतं. पुढचे दोन दात नव्हते. कानामागे माईंनी पाठवलेल्या तेलाचा वास होता, त्या रविवारचा, ताजा.

"किंजल? किंजू?"

मुलगी टोपलीकडे बघत राहिली.

"पोरी?"

"हं," ती म्हणाली, आणि वळून हसली.

आठवी टोपली

त्यानंतरचे दिवस आनंदाचे होते. ते तसे नव्हते असं कोणी म्हणू शकणार नाही. डॉक्टरांनी तपासलं, काही झालेलं नाही म्हणाले. हवालदार घरी आले, मुलीच्या डोक्यावर हात ठेवला, चहा घेतला. झोपड्यांतून बायका साखर घेऊन आल्या. धीरज रजा काढून घरी बसला आणि मुलगी जिथे जाईल तिथे तिच्या मागे फिरला, न्हाणीघराच्या दारापर्यंत. रात्री त्याने समिधाचा हात धरून ठेवला. कितीतरी दिवसांनी.

पोर शहाणी झाली होती. समोर येईल ते खायची, शेवग्याच्या शेंगासुद्धा. हट्ट नाही, रडणं नाही. नावाने हाक मारली तर वळायची नाही. "धक्का बसलाय," डॉक्टर म्हणाले, "होईल हळूहळू." तोवर सगळे पोरी म्हणायला लागले, कारण पोरी म्हटलं की ती ओ द्यायची. माई आधी बाळा म्हणत होत्या, मग त्याही पोरी म्हणायला लागल्या.

"समिधा," एकदा त्या हलक्या आवाजात म्हणाल्या, "तेल लावलं गो तिला. टाळू थंडगार लागते. वरवंट्यासारखी."

"पंख्याखाली बसली असेल, माई."

"असेल," माई म्हणाल्या. पण पुन्हा त्यांनी तेल लावलं नाही.

मग प्रदीप आला. ताजे बोंबील घेऊन, पिशवीतून पाणी गळतंय, तोंडभर हसू. पोर टेबलापाशी जेवत होती. प्रदीपने दारातच चपला काढल्या, दोन्ही हात कमरेवर ठेवले आणि जुन्या सवयीने गर्जना केली.

"पोर!"

धीरज हसला. माई हसल्या. सगळे तिच्याकडे बघायला लागले, ती आता ताट सोडून फरशीवर बसणार, हात डोक्यावर घेणार म्हणून.

पोरीने घास ताटात ठेवला. उठली. चालत प्रदीपपर्यंत आली आणि त्याच्यासमोर उभी राहून त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. बोलावलंय तर आता काय काम ते सांगा, अशी.

प्रदीपचं हसू तोंडावर तसंच राहिलं, पण त्यातून तो निघून गेला.

"वयनी…"

"दमलीय ती," समिधा म्हणाली. "बोंबील द्या इकडे."

ती स्वयंपाकघरात गेली. बोंबील ताटलीत ओतले. नळ सोडला. पाण्याच्या आवाजात तिला कळलं, आणि कळलं तेव्हा तिने ओट्याची कड दोन्ही हातांनी धरली.

पोर म्हटलं की किंजल येत नाही. पोर म्हटलं की किंजल बसते.

आणि ऊठ म्हणेपर्यंत उठत नाही.

इतक्या लोकांनी इतक्या हाका मारल्या. कुठे आहेस म्हणाले, ये म्हणाले, रागावणार नाही म्हणाले. ऊठ कोणीच म्हणालं नव्हतं. फेकली होती समिधाने. म्हणायचं तिनेच होतं.

नववी टोपली

नवव्या टोपलीपर्यंत खेळ त्यानंतर कोणी नेला नाही.

पाचवी टोपली

दुसऱ्या दिवशी ऊन कलल्यावर समिधा निघाली. पोरीला तिने बरोबर घेतलं. का घेतलं, ते तिने स्वतःलाही सांगितलं नाही. जिन्यात पोरीने तिचं बोट धरलं. बोट गार पडलं, तरी समिधाने ते सोडवून घेतलं नाही.

"कुठे चाललात?" धीरज वरून म्हणाला.

"फिरून येतो."

"येतो म्हणालीस, बरं वाटलं," तो म्हणाला, आणि गॅलरीत उभा राहिला.

उद्यान रिकामं होतं. कापलेल्या जमिनीवर उन्हाचे लांब पट्टे पडले होते आणि प्रत्येक धसकटाची सावली वेगळी दिसत होती. समिधाने पोरीला चौथऱ्याच्या मागे बसवलं.

"इथे बस हं. हलू नकोस."

"नाही हलणार," पोर म्हणाली. तिचा आवाज हुबेहूब होता. तेच सगळ्यात वाईट होतं. तिच्यात एकही खोट नव्हती, आणि समिधा तिच्या फ्रॉकची कॉलर सरळ करून मगच वळली.

चौथऱ्यावर उभं राहून तिने सुरूच्या झाडांकडे तोंड केलं. हाक मारली नाही. शेजारच्या खोलीत विचारावं तसं विचारलं.

"किंजल, बसलीयस का गं?"

वारा नव्हता.

"हो," झाडांतून आवाज आला.

बारीक, रुसलेला, थकलेला.

"आई, पायांना मुंग्या आल्यात. उठू?"

समिधाच्या तोंडून आधी नुसता श्वास आला. मग पोटातून सगळं एकदम वर आलं, ते सगळे दिवस, नाला, कुत्रा, फोटो, आणि आई म्हणून तोंडाला जे आपोआप येतं तेच आलं.

"ऊठ! ऊठ गं पोरी, ऊठ! ऊठ माझे पोरी!"

शब्द झाडांवर आपटून परत आला.

मागे, चौथऱ्याच्या पलीकडे, कोणीतरी उठल्याचं तिला ऐकू आलं.

मग उजवीकडे.

उघड्या जमिनीवरून, घोट्याएवढ्या धसकटांतून, जिथे चिमणी लपली नसती तिथून, एक मुलगी उठून उभी राहिली. पिवळा फ्रॉक. तिच्यापलीकडे दुसरी. चौथ्या टोपलीपाशी एक. तिसऱ्या टोपलीपाशी, जिथून केदारसरांची निळी डिस्क गेली होती, तिथे दोघी. गंजलेल्या घसरगुंडीखाली. नाल्याच्या काठाने ओळीने. जिथे जिथे कधी कोणी तो शब्द ओरडलं होतं, तिथे तिथे.

सगळ्या तिच्याकडे बघत होत्या. कोणी पुढे येत नव्हतं. ऊठ एवढंच सांगितलं होतं, त्या तेवढंच उठल्या होत्या. हात सगळ्यांचे अजून डोक्यावर होते.

समिधाची नजर एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर गेली. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर. प्रत्येकीचे पुढचे दोन दात नव्हते.

सुरूच्या झाडांत मात्र कोणीच उठलं नव्हतं. तिथून तोच बारीक आवाज पुन्हा आला, आता जरा लांबून.

"आई, मी पण उठू?"